भुतामागचा माणूस



एरवी मी व्यासपीठावरून बोनस आणि रातपाळीवर बोलतो. आज भुतांच्या फोटोवर बोलणार आहे. पण गोष्ट राबणाऱ्या माणसाचीच आहे.

एकदा जत्रेतल्या भूतबंगल्यात मी रात्री फोटो काढला. त्यात एक पांढरी आकृती उमटली आणि तिच्या पोटातून मागची भिंत दिसत होती! घरच्यांनी तो फोटो देवघराजवळ ठेवू दिला नाही. माझी शाळा सातवीतच सुटली. पण असे का झाले, ते पुस्तकांत शोधल्याशिवाय मला चैन पडेना.

कारण साधे निघाले. भर उन्हात कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतके उघडले तरी भागते. भूतबंगल्यात उजेड इतका थोडा, की ते अर्धा सेकंद उघडे ठेवावे लागते. तेवढ्यात भिंत जागची हलत नाही. मुखवटा घातलेला माणूस मात्र पुढे येऊन मागे सरतो. थोडा वेळ तो नोंदला जातो, उरलेला वेळ त्याच्यामागची भिंत. दोन्ही एकावर एक पडतात आणि माणूस आरपार दिसू लागतो.

मग फ्लॅश का वापरू नये? फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. एक मीटरवरच्या चेहऱ्याला जेवढा मिळतो, त्याचा सोळावा हिस्साच चार मीटरवरच्या भिंतीला मिळतो. चेहरा चुन्यासारखा होतो आणि बंगला कोळशासारखा.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये १९६९ साली ‘हाँटेड मॅन्शन’ उघडले. तिथल्या नाचघरातली भुते म्हणजे दडवलेल्या बाहुल्यांची मोठ्या काचेत पडलेली प्रतिबिंबे. हीच युक्ती जॉन पेपर यांनी लंडनमध्ये १८६२ साली लोकांपुढे आणली होती. अशा खेळावर फ्लॅश टाकणे म्हणजे समईपुढे पेट्रोमॅक्स धरणे!

जिथे भुताचे सोंग माणूस घेतो, तिथे प्रश्न त्याच्या हातापायांचा आहे. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. एका लखलखाटात ती मोडते, आणि तो तर पायऱ्या व वायरींमधून धावत असतो. म्हणून आधी परवानगी घ्यावी, फ्लॅश बंद ठेवावा, आयएसओ ३२०० पर्यंत चढवावा, भिंग पूर्ण उघडावे आणि भिंतीला खांदा टेकून श्वास रोखावा.

अरुंद वाटेत तिपाई मांडू नये. न्यू जर्सीच्या ‘ग्रेट ॲडव्हेंचर’ उद्यानातील ‘हाँटेड कॅसल’ला ११ मे १९८४ रोजी आग लागली आणि आठ कोवळी मुले दगावली. आत पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. तेव्हा अशा जागी शिरताना भुताआधी बाहेर पडण्याचा दरवाजा पाहून ठेवावा, आणि तो मालकाला विचारावाही.

त्या जत्रेतल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी शोधून काढले. संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत तो मुखवट्यात घामाघूम होई. फोटो पाहून म्हणाला, “काका, यात मी कुठाय?”

खेळ संपल्यावर, मुखवटा हातात घेतलेला त्याचा आणखी एक फोटो मी काढला. घरी भिंतीवर तोच लावला आहे.