घर, बाग आणि प्लॉटची प्रदर्शने : जावे कसे, पाहावे काय?

मुळशीच्या भूगाव, भुकूम, पिरंगुट, उरवडे या पट्ट्यात घरे उठली, तसे आम्हा व्यापारी-कारागिरांचे गिऱ्हाईकही वाढले. नवे घर म्हटले की पडदे, गाद्या, फर्निचर, ग्रिल, कुंड्या आल्याच. हे गिऱ्हाईक एका जागी भेटते ते प्रदर्शनात.

प्रदर्शनांचा पत्ता वर्तमानपत्रांच्या घरविषयक पुरवण्यांतून लागतो. पाडवा-दसऱ्याच्या आसपास जाहिराती खास पाहाव्यात. पुण्यात चिंचवडचे ऑटो क्लस्टर व शिवाजीनगरचे कृषी महाविद्यालय मैदान या नेहमीच्या जागा. एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरते. कुंडी, जाळी, बागेचे बाक करणाऱ्यांनी ते चुकवू नये.

स्टॉल घेण्याआधी एक प्रदर्शन नुसते फिरून पाहावे. रविवारी गर्दी कळते; स्टॉलवाल्यांशी बोलायचे तर इतर दिवशी दुपारी जावे. भाडे, वीज, रात्रीची राखण यांचा खर्च विचारावा आणि तो विक्रीतून नव्हे, नफ्यातून निघतो का ते मांडावे. सदनिकांच्या प्रदर्शनात आज बुकिंग करणाऱ्याला पडदे लागतात ते ताबा मिळाल्यावर, म्हणजे कधी दोन वर्षांनी. तेथे ताब्याची तारीख लिहून घ्यावी आणि बिल्डरकडे नमुना-सदनिकेचे काम मागावे. रोखीची ऑर्डर गृहसजावटीच्या प्रदर्शनात मिळते.

आता खरेदीची बाब. प्रदर्शनातला रंगीत नकाशा म्हणजे मालकी नव्हे. महारेरा १ मे २०१७ पासून लागू आहे. कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठा नवा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही, त्याची जाहिरातही करता येत नाही. प्लॉटचे लेआउटही यात येतात. नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासावा. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बिल्डरला मनाई आहे.

'फार्महाऊस प्लॉट' म्हणून शेतजमीन दाखवली तर जास्त सावध राहावे. १९४८ च्या कूळ कायद्याने शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबारा, फेरफार आणि बिनशेतीचा आदेश वकिलाला दाखवावा, रस्ता स्वतः चालून पाहावा. "आजच बुक करा, उद्या भाव वाढेल" ही हाक आम्ही आमच्या दुकानातही ऐकतो. तिच्यावर बयाणा देऊ नये. वर्षानुवर्षांची कमाई एका संध्याकाळी अडकते.