दोन दिवस दोघांचे : मांडवगडची सहल

मैत्रिणींनो, लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली की नवरा-बायकोनं दोघांनीच कुठं जायचं म्हणजे घरच्यांना नवल वाटतं आणि आपल्यालाच चोरट्यासारखं होतं. मुलांच्या शाळा, सणवार, आला-गेला ह्यांतून वेळ काढून आपण देवदर्शनाला जातो, लग्नकार्याला जातो. पण त्या सगळ्या प्रवासांत बरोबर दहा माणसं आणि चार पिशव्या असतात. आमचंही तसंच होतं. गणपतीचं विसर्जन आटोपल्यावर ह्यांनी एकदम विचारलं, "शनिवार-रविवार मांडवगडला जायचं का?" मी लगेच म्हटलं, "मुलांचं काय?" उत्तर सासूबाईंनीच दिलं, "जा गं, मुलं काही कुक्कुलं बाळ नाहीत. मी आहे ना!"

मांडवगड म्हणजेच मांडू. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, विंध्य पर्वताच्या अगदी कडेला, सहाशे मीटरहून जास्त उंचीवर वसलेला हा जुना किल्ला. इंदूरहून तो सुमारे १०० किलोमीटर आणि धारहून सुमारे ३५. आम्ही धुळ्याहून इंदूरची एसटी धरली. शिरपूर, सेंधवा मागे टाकून खलघाटला नर्मदेचा पूल लागला, तेव्हा गाडीतल्या बायकांबरोबर मीही हात जोडले आणि पाण्यात एक रुपया टाकला. धामणोदला उतरून भाड्याची जीप केली. निमाडचं सपाट रान सरलं आणि घाट सुरू झाला. साग, पळस, मोह, सगळं पावसानं न्हालेलं! कड्यांवरून पाण्याच्या धारा अजून वाहत होत्या.

खरं सांगू? त्या गाडीत माझ्या एक गोष्ट ध्यानात आली आणि जरा भीतीच वाटली. मुलांची फी, गॅस, दिवाळीचा रंग एवढं बोलून झाल्यावर आम्हा दोघांना बोलायला विषयच उरला नव्हता. हे खिडकीबाहेर बघत होते, मी पर्समधल्या चिठ्ठ्या नीट लावत होते.

मांडूला पोचल्यावर आधी जहाज महाल पाहिला. एका बाजूला मुंज तलाव, दुसऱ्या बाजूला कपूर तलाव आणि मधे सुमारे १२० मीटर लांबीची ही दुमजली इमारत. तलाव भरलेले असले की ती खरोखरच पाण्यात नांगरलेल्या जहाजासारखी दिसते. १४६९ ते १५०० पर्यंत राज्य करणाऱ्या गियासुद्दीन खिलजीनं ती आपल्या राणीवशासाठी बांधली, असं मानतात. त्याच्या महालात पंधरा हजार स्त्रिया होत्या असं सांगतात. आकडा सोडून द्या, पण ह्या सुलतानाची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. त्याला खाण्याचा भारी शौक! त्याच्यासाठी आणि त्याच्या मुलासाठी 'निमतनामा' नावाचं पाककृतींचं सचित्र पुस्तक तयार झालं. त्यात समोशाचे कितीतरी प्रकार आहेत, सरबतं आहेत, अत्तरं करण्याच्या रीतीही आहेत. ते पुस्तक आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पाचशे वर्षांपूर्वी ह्याच गच्च्यांखाली कुणीतरी समोशाचं सारण परतत होतं, हे मनात आलं आणि ते ओसाड दगड एकदम घरचे वाटले.

शेजारीच हिंडोला महाल. त्याच्या जाडजूड भिंती अशा तिरप्या आहेत की सगळा महाल झोक्यावर बसल्यासारखा वाटतो. चंपा बावडी म्हणजे विहीर आणि तिच्या भोवतीच्या तळघरातल्या गार खोल्या. उन्हाळ्यात इथं बसायला किती बरं वाटत असेल! गावाच्या मध्यावर होशंगशाहाची संगमरवरी कबर आहे. वाटाड्या म्हणाला, "ही पाहूनच ताजमहाल बांधला." हे लगेच दारावरचा लेख दाखवत म्हणाले, "साल बघा. १६५९!" मोगल दरबारचे चार स्थापती, त्यांत उस्ताद हामिद, ह्या कबरीला मान द्यायला आले ते त्या साली, ताजमहाल तर त्याआधीच झाला होता. वाटाड्या हसला, आम्हीही हसलो. बऱ्याच दिवसांनी एकत्र हसलो.

रेवाकुंडाच्या वाटेवर एक प्रतिध्वनीची जागा आहे. पलीकडच्या पडक्या इमारतीकडे तोंड करून हाक मारली की ती जशीच्या तशी परत येते. शाळेची मुलं ओरडत होती. ती गेल्यावर ह्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मोठ्यानं माझं नाव घेतलं. घरात मी 'अगं' नाही तर मुलांची आई. नाव परत आलं तेव्हा मी कानकोंडी झाले, पण बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रूपमतीचा मंडप गाठला. किल्ल्याच्या दक्षिण टोकावरचं हे मूळचं सैन्याचं टेहळणीचं ठाणं. पुढं कडा तुटतो आणि खाली निमाडचं मैदान पसरतं. गाणारी रूपमती नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्न घेत नसे, म्हणून बाजबहादुरानं तिला ही जागा दिली, अशी कथा आहे. आधी सगळं धुकंच होतं. तासाभरानं ते विरलं आणि दूर एक चंदेरी रेघ दिसली. कालच जिला नमस्कार केला होता तीच ती नर्मदा!

पण कथेचा शेवट कुणी फारसा सांगत नाही. १५६१ मध्ये अकबराचा सरदार आदमखान चालून आला. सारंगपूरला लढाई हरल्यावर बाजबहादूर पळाला. मागे राहिलेल्या रूपमतीनं शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा विष घेतलं. बाजबहादूर पुढे १५७० मध्ये अकबराच्याच चाकरीला लागला. मी म्हटलं, "नदी दाखवायला जागा दिली, पण वेळेला सोबत नाही दिली." हे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुला काय पाहायचंय, ते मी कधी विचारलंच नाही."

मग मीही तीन वर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकलं. मला बी.एड. करायचंय. अर्धवेळच्या नोकरीत कायमची जागा मिळत नाही. घराची घडी विसकटेल म्हणून बोलले नव्हते. ह्यांनी लगेच हो म्हटलं नाही. पैसे, सासूबाईंची गुडघेदुखी, सगळं विचारलं. पण दोन तास आम्ही त्या कठड्यावर बसून हिशेब मांडला आणि उठताना हे म्हणाले, "फॉर्म निघाले की आण." मैत्रिणींनो, घरी हे बोलणं झालं असतं तर मधेच कुकरची शिट्टी झाली असती!

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. मांडूचं खरं सौंदर्य जुलै ते सप्टेंबरमध्ये. मात्र नर्मदा नक्की दिसावी असं वाटत असेल तर पाऊस सरल्यावर, स्वच्छ हवेत जा. पावसाळी शनिवार-रविवारी गर्दी उसळते, म्हणून मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाच्या निवासात आधी खोली राखून ठेवा. गावात भाड्यानं सायकली मिळतात. मी वीस वर्षांनी चालवली, पडले नाही! शेवाळलेल्या पायऱ्यांसाठी रबरी तळव्याच्या चपला, एक छत्री, टॉर्च आणि साडीऐवजी पंजाबी ड्रेस बरा. मक्याच्या पिठाचे, पानांत भाजलेले पानिये आणि डाळ अवश्य खा. रस्त्याकडेला फुगीर बुंध्याची गोरखचिंचेची झाडं दिसतील. हे मूळ आफ्रिकेतलं झाड. त्याचा आंबट गर विकायला असतो. आमटीत छान लागतो; मी सासूबाईंसाठी आणला.

घरी आलो तेव्हा ओट्यावर पसारा होता, धाकट्याचा गृहपाठ राहिला होता. सासूबाईंनी आमटी चाखली आणि विचारलं, "काय पाहिलंस गं?" मी म्हटलं, "नर्मदा." बाकीचं त्यांना हळूहळू सांगणार आहे. फॉर्म निघायला अजून वेळ आहे.