घरची ओढाताण, पोराचं वागणं

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्या पाळ्यांवर चालतात. रात्रपाळीचा बाप दिवसा झोपतो, मग एका खोलीच्या घरात पोरांना दिवसभर ‘गप्प बसा’ ऐकावं लागतं. हेच पोर शाळेत कोपरा धरतं, नाहीतर हाणामारीवर येतं. त्याला वाईट वळणाचं ठरवायची घाई करू नये.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९३०च्या दशकातल्या महामंदीतली कुटुंबं अभ्यासली. पैशाची चणचण मुलांना भिडते ती बरीचशी आईवडिलांच्या चिडचिडीतून, असं त्यांना आढळलं. पण हवाईतल्या काउआई बेटावरचा अभ्यास मोठा दिलासा देतो. एमी वर्नर यांनी तिथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांची वाटचाल अनेक दशकं नोंदवली. सर्वाधिक खडतर घरांतली जवळपास एक तृतीयांश मुलं समंजस, कर्तबगार निघाली. त्यांच्यामागे किमान एक मायेचं माणूस कायम होतं: आजी, मावशी, शेजारीण किंवा शिक्षक.

मायेच्या माणसाबरोबर सरकारी आधारही मिळू शकतो. आई किंवा वडील गमावलेल्या गरजू मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावा. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.