घरी स्टेक करायचाय? आधी दुकानात तुकडा नीट निवडा

हल्ली मुलं मोबाईलवर व्हिडिओ बघतात आणि म्हणतात, "अम्मी, घरी स्टेक करू या ना!" मग अब्बा किलोभर बड्याचं घेऊन येतात, ते तव्यावर पडतं आणि ताटात येतं ते चपलेच्या तळव्यासारखं चिवट. आमच्याकडे पहिल्यांदा हेच झालं. चूक तव्याची नव्हती, तुकड्याची होती. सालनासाठी आणतो तसंच रानाचं गोश्त आम्ही आणलं होतं.

पहिली गोष्ट कायद्याची. महाराष्ट्रात मार्च 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे आपल्याकडे बड्याचं म्हणजे म्हशीचंच. परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या आणि पावती मागून घ्या. वाटेत कुणी हटकलं तर दाखवायला कागद जवळ असलेला बरा.

परदेशी व्हिडिओतलं मांस गायी-बैलाचं असतं, त्यामुळे तिथली प्रत्येक गोष्ट इथे लागू होत नाही. म्हशीच्या मांसाचा रंग जास्त गडद आणि चरबी पांढरी असते. मांसाच्या आत चरबी कमी असल्यामुळे ते लवकर कोरडं पडतं. म्हणूनच तुकडा निवडण्याला इतकं महत्त्व आहे.

स्टेकसाठी मागायचा तो अंडरकट. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूला ही लांबट पट्टी असते. जनावराला चालताना हा स्नायू फारसा वापरावा लागत नाही, म्हणून तो मऊ राहतो. याउलट पायाचे आणि मानेचे स्नायू दिवसभर राबतात. ते सालन, निहारीसाठी उत्तम, स्टेकसाठी नाहीत. एका जनावरात अंडरकटच्या दोनच पट्ट्या निघतात. म्हणून तो महाग असतो आणि लवकर संपतो. आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

दुकानात या गोष्टी बघा:

- वास ताजा असावा, आंबूस नको. बोट लावल्यावर मांस चिकट लागता कामा नये.
- वरचा पांढरा चिवट पडदा काढून घ्या. तव्यावर तो आकसतो आणि तुकडा वाकडा होतो.
- "बोटी करू नका" हे सुरी चालण्याआधीच सांगा. रेषांच्या आडवे, दोन बोटं जाडीचे तुकडे करून घ्या. पातळ तुकडा बाहेरून लाल होईपर्यंत आतून सुकून जातो.

ताजं कापलेलं मांस काही तासांत ताठरतं, त्यामुळे त्याच दिवशी स्टेक करू नका. झाकून एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा. अंडरकटला कच्ची पपई लावायची गरज नाही, त्याचा लगदा होतो.

करायच्या पाऊण तास आधी मीठ लावा. तव्यावर टाकण्यापूर्वी तुकडा कोरडा पुसा. लोखंडी तवा चांगला तापू द्या, थोडं तेल घाला आणि दोन्ही बाजू तीन-चार मिनिटं भाजा. शेवटी लोणी आणि ठेचलेला लसूण. उतरवल्यावर पाच मिनिटं तसंच राहू द्या, मग कापा. घरात मांसाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी किमान 63 अंश सेल्सिअस हवं. कीम्याचा स्टेक असेल तर 71 अंश, कारण कीमा करताना वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात.

आता अनेकांच्या मनातला प्रश्न. कापल्यावर लाल पाणी निघतं, ते रक्त तर नाही? कुरआनात वाहतं रक्त हराम सांगितलं आहे आणि ते जबिहाच्या वेळीच निघून जातं. ताटात दिसतं ते मांसातलं पाणी. मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे त्याला लाल रंग येतो. तरीही घरातल्या बुजुर्गांना ते बघवत नसेल तर त्यांचा तुकडा दोन-तीन मिनिटं जास्त भाजा. गरोदर बायका, लहान मुलं आणि आजारी माणसांसाठी तर पूर्ण शिजवलेलंच द्या.

पहिल्यांदा दोनच तुकडे आणा. आपला तवा आणि आपली आच कळली की मग दावत ठेवा. अंडरकट मिळालाच नाही तर त्या दिवशी सालन करा. महागाचं गोश्त आहे, वाया घालवण्यात शहाणपण नाही.