समुद्र पाहायला अवकाशात

५ ऑक्टोबर १९८४ रोजी फ्लोरिडाहून ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उडालं. त्यातल्या सात जणांपैकी एक होते पॉल स्कली-पॉवर. जन्म सिडनीचा, नोकरी अमेरिकी नौदलाच्या संशोधन संस्थेत, विषय समुद्र. अवकाशात गेलेले ते पहिले समुद्रशास्त्रज्ञ.

वर कशासाठी जायचं?

जहाजावरून समुद्र मोजणं म्हणजे चालत्या गर्दीत माणसं मोजण्यासारखं. या टोकाचं मोजून त्या टोकाला पोहोचेपर्यंत प्रवाहाने जागा बदललेली असते. यान मात्र दीड तासात पृथ्वीला फेरी घालतं.

उपग्रह तेव्हाही होते. पण सराव असलेली माणसाची नजर हवी तिथे थांबते, आणि यान पुढे सरकत असताना तीच जागा निरनिराळ्या कोनांतून पाहते. समुद्राच्या बाबतीत सगळं त्या कोनावरच अवलंबून असतं.

चकाकीत उमटलेले भोवरे

समुद्रावर सेंद्रिय पदार्थांचा अतिशय पातळ तवंग असतो. जिथे तो दाटतो तिथे बारीक लहरी दबतात आणि पाणी गुळगुळीत होतं. एरवी हे लक्षातही येत नाही. सूर्याचं प्रतिबिंब जिथे चकाकत असतं, तिथे मात्र हे पट्टे आजूबाजूच्या पाण्यापेक्षा उजळ किंवा गडद दिसतात. प्रवाह त्यांना ओढत नेतो, म्हणून पट्टे पाहिले की प्रवाहच दिसतो.

स्कली-पॉवर यांनी या चकाकीचे फोटो घेतले. त्यांत १० ते २५ किलोमीटर रुंदीचे सर्पिल भोवरे होते. असे भोवरे अपोलो मोहिमांच्या काळातही दिसले होते, पण ते इतक्या ठिकाणी पसरलेले असतील हे या फोटोंनी दाखवलं. आणखी विलक्षण म्हणजे बहुतेक भोवरे एकाच रीतीने फिरतात: उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट, दक्षिणेत घड्याळाप्रमाणे. विरुद्ध दिशेने जोरात फिरणारा भोवरा पृथ्वीच्या भ्रमणामुळे अस्थिर होतो आणि टिकत नाही.

समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मुंक आणि सहकाऱ्यांनी २००० साली या फोटोंवर शोधनिबंध लिहिला. सोळा वर्षांपूर्वीच्या फिल्मला अजून सांगण्यासारखं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला ‘स्वॉट’ उपग्रह आता समुद्राच्या पातळीतले बारीक चढउतार मोजून लहान भोवऱ्यांचा माग काढतो.

त्याच यानातली दुसरी अभ्यासक

कॅथरीन सलिव्हन याच मोहिमेत होत्या. पीएच.डी. भूविज्ञानाची, अभ्यास न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रतळाचा. ११ ऑक्टोबरला यानाबाहेर पडून त्या अंतराळात चालणाऱ्या पहिल्या अमेरिकी स्त्री ठरल्या. पुढे अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान संस्थेचं प्रमुखपदही त्यांनी सांभाळलं.

जून २०२० मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, त्या पाणबुडीतून पॅसिफिकमध्ये जवळपास ११ किलोमीटर खाली उतरल्या. जगातली ती सर्वांत खोल जागा. तिचं नाव चॅलेंजर डीप. वर आल्यावर त्यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला फोन लावला.