दार लावून

सकाळी साडेनऊ. मानोऱ्याकडच्या, रिसोडकडच्या एसट्या वाशिमला लागल्या की आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्राच्या बाकावर बायका येऊन टेकतात. गरोदर बायकांची तपासणी भराभर होते. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून आपला तालुका टाळून आलेली बाई मात्र टोकाला बसते.

साडेदहा. टोकाच्या बाईला आत घेऊन मी दार लावते. चाचणीसाठी तिची संमती घ्यायची, पण त्याआधी विचारते, घरी कोण कोण पितं? इथं नशेच्या सुईचं नाव क्वचितच निघतं. दारू निघते, अंगदुखीच्या गोळ्या निघतात.

"दोघंबी पेतो ताई. निरोधाचं म्हणलं तं म्हणते, कोनाकडून शिकून आली?"

पाकिटं फुकट देता येतात. पण संशय, मार, घराबाहेर काढण्याची धमकी यांतलं काय तिच्या वाट्याला येईल, हे आधी ऐकून घ्यावं लागतं. मग दोघींनी मिळून वाट काढायची. प्यायल्यावर विषय काढायचा नाही. सकाळी, तो शुद्धीत असताना सांगायचं, 'पाळणा लांबवायला दवाखान्यातून दिलंय.' आजार म्हटलं की आरोप होतो, पाळणा म्हटलं की संसाराची गोष्ट होते.

बारा. मोठ्या शहरात राहून आलेली एखादी सुईबद्दल बोलते. माल जोडीदारच आणतो, टोचतोही तोच. आधी स्वतःला, मग त्याच सुईनं तिला. जगभर सुई घेणाऱ्या बायकांकडून हेच ऐकायला मिळतं. निरोध मागितला तर माणूसही जाईल आणि मालही, ही तिची भीती खरी असते. तिला नुसतं 'सोड' म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. निदान सुई वेगळी ठेव, इथून सुरुवात करते.

दोन. रिपोर्ट. पहिल्या किटवर संशय आला तर आणखी दोन वेगळ्या किटवर खात्री होते. धोका अलीकडचा असेल तर निगेटिव्ह आलेलीलाही तीन महिन्यांनी परत बोलावते. पॉझिटिव्ह आलेलीचा पहिला प्रश्न असतो, "त्याले सांगसान का?" मारहाणीची किंवा टाकून देण्याची भीती असेल तर जोडीदाराला कळवायचं नाही, असं 2017 चा एचआयव्ही कायदा सांगतो. हे तिला दोनदा समजावते. उपचार रोज घेतले, विषाणू रक्तात सापडेनासा झाला, की संबंधातून तो पसरत नाही, हेही.

पावणेपाच. गाडीची वेळ झालेली. सकाळची ती बाई दारातून वळून म्हणते, पुढच्या वेळी त्याला आणते, पण बीपी तपासायला म्हणून. चालेल. एकदा आला की दार लावून त्याच्याशीही बोलता येईल.