खांद्याचं ऑपरेशन आणि ‘ग्रोथ फॅक्टर’चं इंजेक्शन

जूचंद्रच्या आमच्या वस्तीतल्या एक ताई रविवारी विहारात आल्या त्या हातात एका खासगी दवाखान्याचं अंदाजपत्रक घेऊनच. वय पन्नाशीपुढे, नाक्यावर बिगारीकाम. उजवा हात वर जात नव्हता, रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. एमआरआयमध्ये खांद्याची कंडरा फाटलेली दिसली. ऑपरेशनच्या खर्चाखाली एक वेगळी ओळ होती : ग्रोथ फॅक्टर इंजेक्शन. “हे घेतलं नाही तर जुळणार नाही म्हणतात. गळ्यातलं मोडू का?” ताईंनी विचारलं.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केलेला, म्हणून असे कागद आमच्याकडे येतात.

खांद्याच्या सांध्याभोवती चार स्नायू असतात. त्यांची टोकं म्हणजे पांढऱ्या चिवट पट्ट्या, कंडरा. त्या दंडाच्या हाडाला चिकटलेल्या असतात. वर्षानुवर्षं घमेलं डोक्यावर चढवून त्या झिजतात, एक दिवस फाटतात. सर्जन हाडात छोटे अँकर बसवून फाटलेली कंडरा टाक्यांनी पुन्हा हाडाला बांधतो. पण टाका फक्त धरून ठेवतो, जुळवायचं काम शरीराचं. मूळ जोडात मऊ कंडरेपासून कठीण हाडापर्यंत चार थर असतात, एकातून दुसरा हळूहळू घट्ट होत जाणारे. ऑपरेशननंतर हे थर तसेच परत येत नाहीत, जखमेच्या व्रणासारखा कच्चा जोड तयार होतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये मोठ्या फाटी शिवलेले १८ रुग्ण तपासले, त्यांतल्या १७ जणांची कंडरा पुन्हा सुटलेली निघाली. तरीही पहिल्या वर्षी बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं. आता टाके घालण्याच्या पद्धती सुधारल्या आहेत, तरी मोठी फाट आणि वय जास्त असेल तर ही भीती राहतेच.

इथेच ग्रोथ फॅक्टर येतात. पेशींना ‘वाढा, दुरुस्ती करा’ असा निरोप देणारी ही प्रथिनं आपल्याच शरीरात असतात. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द आपल्या घराघरात पोहोचला आहे. त्याच प्लेटलेटमध्ये या प्रथिनांचा साठा असतो. म्हणून रुग्णाचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेटचा दाट भाग जोडावर सोडतात. त्याला पीआरपी म्हणतात. कल्पना चांगली आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आशा दिसली. माणसांवरच्या अभ्यासांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. लहान-मध्यम फाटीत पुन्हा फाटण्याचं प्रमाण काहींमध्ये कमी दिसलं, पण हाताच्या ताकदीत आणि कामात फरक थोडा, किंवा नाहीच. शिवाय प्रत्येक यंत्रातून निघणारं पीआरपी वेगळं. ‘घेतलं नाही तर जुळणार नाही’ असं म्हणायला आधार नाही, हे आम्ही ताईंना स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनलाही घाई नव्हती, अपघाताने अचानक फाटलं असतं तर गोष्ट वेगळी.

मग आम्ही मशेरीचा विषय काढला. ताई हसल्या, पण डबी कमरेलाच होती. निकोटीनमुळे कंडरा हाडाला उशिरा जुळते, हे उंदरांवर दिसलं आहे. धूम्रपान करणाऱ्यांचं ऑपरेशन फसण्याचं प्रमाणही जास्त. साखर वाढलेली असेल तर तेच. मशेरी सोडायला पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा ती कुठल्या अंदाजपत्रकात नसते.

सगळ्यात अवघड असते ती विश्रांती. चारसहा आठवडे हात झोळीत, त्यानंतर फिजिओथेरपी, ताकदीचे व्यायाम साधारण तिसऱ्या महिन्यानंतर, जड काम पाचसहा महिने नाही. ईएसआयचं कार्ड असून हप्ते नीट भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो. नाक्यावरच्या बाईला कोण देणार? गळ्यातलं मोडायचंच असेल तर त्या सहा महिन्यांच्या घरखर्चासाठी राखून ठेवा, असं आम्ही म्हणालो.

ताईंनी मुंबईच्या सरकारी रुग्णालयात दाखवलं. जाण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारायची चिठ्ठी आम्ही लिहून दिली. इंजेक्शनाशिवाय ऑपरेशन झालं. दर आठवड्याला नायगावहून लोकलच्या गर्दीत झोळीतला हात सांभाळायला सुनेची पाळी लागायची. सहा महिन्यांनी त्या पुन्हा नाक्यावर उभ्या राहिल्या. झाडलोट, पाणी मारणं चालेल, घमेलं नाही, हे मुकादमाला सांगायला आम्हीच गेलो होतो.